विसार देण्याआधी

आमचे वडील बैल घ्यायला खरसुंडीच्या यात्रेला जायचे. लहानपणी मी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर गेलो आहे. खिलार बैलांच्या दावणीच्या दावणी, रंगवलेली शिंगे, पाठीवर झुली, गळ्यात घुंगुरमाळा. मला सजवलेलाच बैल आवडायचा. वडील मात्र आधी मालकाला झूल उतरवायला लावायचे. मग दात बघायचे, खूर उचलून बघायचे आणि बैल पंचवीस-तीस पावले चालवून घ्यायचे. हे सगळे पटले तरच रुमालाखाली बोटे धरून भावाची गोष्ट. एका वर्षी तर दोन दिवस बाजार फिरून ते नुसता कासरा खांद्यावर टाकून घरी आले. शेजारी हसले. वडिलांनी मनावर घेतले नाही.

अशा माणसाचा मुलगा असून २०२२ साली मी काय केले, ते आज तुम्हांला सांगणार आहे.

घरात आम्ही सात माणसे. आई, आम्ही नवरा-बायको, धाकटा भाऊ, भावजय आणि दोन मुले. लहान गाडीत सगळे मावत नाहीत. शिवाय खोटे कशाला बोलू, दारात एक उंच, भारदस्त, सात आसनांची गाडी उभी असावी अशी आम्हां दोघा भावांची हौस होती. तशी नवी गाडी आमच्या आवाक्याबाहेरची. म्हणून जुनी बघायचे ठरले. द्राक्षांच्या तीन हंगामांची शिल्लक आणि भावाने मोडलेली ठेव मिळून चौदा लाख जमले. त्यातले चार लाख खरे तर शेततळ्याच्या कागदासाठी बाजूला काढलेले होते.

शहरातल्या एका व्यापाऱ्याकडे २०१७ सालची पांढरी डिझेल गाडी पाहिली. काय तिचा तो तोरा! कातडी आसने, छताला उघडणारी काच, मागे घेताना पडद्यावर रस्ता दिसतो. आकडा बासष्ट हजार किलोमीटरचा. "एकाच मालकाची, डॉक्टरची गाडी आहे. उद्या दुसरे गिऱ्हाईक येतंय," व्यापारी म्हणाला. भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी खिशात हात घातला आणि पन्नास हजार विसार देऊन मोकळा झालो. संध्याकाळची वेळ, दिव्यांचा झगझगाट. झूल न उतरवताच आम्ही बैल घेतला होता.

घरी पेढे आणले. बायकोने पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. "अहो, पुराच्या साली ही गाडी कुठं होती?" तिने विचारले.

तिचे माहेर पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांच्या घरात छातीएवढे पाणी होते. पाणी ओसरल्यावर ती महिनाभर तिकडे घर धूत होती. म्हणाली, "तीनदा कपाट धुतलं, तरी दिवाळीला खणाच्या सांदीतनं गाळ निघालाच. पाणी जातं, गाळ राहतो. माणसाचा हात पोचत नाही तिथं बघून या."

दुसऱ्या दिवशी आमचा ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना घेऊन मी पुन्हा गेलो. मिस्त्रींनी इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. मागच्या आसनाचा पट्टा धरला आणि शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. नेहमी गुंडाळलेला राहणारा जो शेवटचा हातभर भाग, त्यावर मातकट रेघ होती. मग पायाखालचा गालिचा उचलला. आसने ज्या बोल्टांवर बसवलेली असतात ते तांबारलेले. जादा चाकाच्या खळग्यात बोट फिरवले तर बारीक, मऊ गाळ. गाडीत अत्तराचा घमघमाट का होता, ते तेव्हा कळले.

पुरात बुडालेल्या पुष्कळ गाड्या विमा कंपन्या भंगाराच्या भावाने काढून टाकतात. त्यांतल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. २०१९ ला आपल्याकडे, २०२१ च्या जुलैत चिपळूणला किती गाड्या पाण्याखाली गेल्या, ते सगळ्यांनी पाहिले आहे. अशी गाडी पहिले काही महिने चांगली चालते. मग तारांचे जोड आतून सडायला लागतात. या भारी गाड्यांत आसनांखाली, गालिच्याखाली विजेच्या कितीतरी पेट्या असतात. एक बिघडली की दुसरी, आणि किंमत एकेकीची हजारांत. अपघातात फुगणारी हवेची पिशवी ऐन वेळी फुगेलच, याचाही भरवसा उरत नाही.

बरीच वादावादी झाली. विसाराचे तीस हजार परत मिळाले, वीस बुडाले. घरी येताना भाऊ गप्प होता. शेवटी म्हणाला, "दादा, वहिनींनी विचारलं नसतं तर?"

त्या वीस हजारांत मी जे शिकलो ते तुम्हांला फुकट देतो.

गाडी बघायची ती सकाळी, उजेडात आणि कोरडी. नुकत्या धुतलेल्या ओल्या गाडीचे पोचे दिसत नाहीत. गेल्या गेल्या इंजिनाच्या झाकणावर हात ठेवा. गरम लागले तर आधी कुणी सुरू करून ठेवले आणि का, हे विचारा. खोडी असलेले इंजिन गार असतानाच कुरकुरते. गार असतानाच रेडिएटरचे पाणी बघा. त्यावर तेलाचा तवंग नको. गरम असताना ते झाकण कधीही उघडू नका, तोंड भाजेल. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर तेलात पाणी मिसळले असण्याची दाट शंका घ्यावी. मग गाडी सुरू करून मागे उभे राहा. थंडीत घटकाभर पांढरी वाफ येते, तिचे काही नाही. पण पांढरा धूर थांबेचना तर पाणी जळते आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल खाते आहे. काळा भकाभक धूर म्हणजे डिझेल आणि हवेचे गणित बिघडले आहे.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. तो मागे फिरवणे आता फारच सोपे झाले आहे. ब्रेकच्या पायट्याचे रबर, स्टिअरिंगचे कातडे, चालकाच्या आसनाची दाराकडची कड यांची झीज बघा. रबर गुळगुळीत आणि आकडा चाळीस हजार, तर कुणीतरी खोटे बोलते आहे. सर्व्हिसिंगची बिले मागा. बिलावर तारीख असते, तसा त्या दिवशीचा आकडाही असतो. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. बासष्ट हजार चाललेल्या गाडीचा पाचवा टायरही बदललेला असेल, तर का ते विचारा. टायर एकाच कडेने झिजला असेल तर चाकांची ठेवण बिघडली आहे, नाहीतर गाडी कुठेतरी आपटली आहे.

दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. घरातले लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. लोखंडी पत्र्यावर मधेच जिथे ते धरत नाही, तिथे खाली पुट्टी भरलेली समजा. या जातीच्या पुष्कळ गाड्यांना ट्रकसारखी खाली सांगाडी चौकट असते. गाडी रॅम्पवर चढवून ती चौकट बघाच. त्यावर नवे वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग दिसला तर परत फिरा.

चालवताना गाणी बंद ठेवायला सांगा. आधी डांबरी रस्ता, मग आपल्या शेताच्या वाटेसारखी खडबडीत वाट. खालून खडखड येते का, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, गिअर आपोआप बदलणारे असतील तर बदलताना हिसका बसतो का, हे बघा. चारही चाकांना जोर देणारा वेगळा गिअर असेल तर तो भुसभुशीत मातीत टाकून बघा. कोरड्या डांबरावर टाकू नका, आतले भाग ताणले जातात. मग गाडी उभी करून एकेक बटण दाबा. छताची काच, आसनांची हालचाल, मागचा पडदा, थंड हवा, सगळे. जितकी ऐट जास्त, तितकी दुरुस्तीची कलमे जास्त.

१ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम आले. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी मधूनमधून लांब पल्ल्यावर सलग पळाली की ती काजळी जळून जाते. नुसती घर ते मळा, मळा ते घर चालली तर गाळणी तुंबते आणि ती बदलायला मोठी रक्कम लागते. तेव्हा आधीच्या मालकाने गाडी कशी वापरली हे विचारा, आणि आपण कशी वापरणार हेही घरी बसून ठरवा.

आता कागद. चासीचा सतरा अक्षरी क्रमांक गाडीवर कोरलेला असतो. तो नोंदणी पुस्तकाशी अक्षर न् अक्षर जुळवा. पुस्तकात बँकेचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. सातबाऱ्यावरचा बोजा आपण बघतो, मग इथे डोळेझाक का? नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या कार्यालयाचे ना-हरकत लागते आणि आपल्या राज्याचा कर वेगळा भरावा लागतो. हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती उचलून धरली. त्या काळात तिकडच्या कितीतरी भारी गाड्या स्वस्तात इतर राज्यांत आल्या. त्या सगळ्याच वाईट नव्हेत, पण भाव ठरवताना कराचा हिशेब आधी करावा. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा. आणि कधी आपली गाडी विकलीत, तर समोरच्याच्या नावावर झाली की नाही याचा पाठपुरावा करा. कागदोपत्री जो मालक, त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितले आहे.

शेवटची परीक्षा मिस्त्री घेऊ शकत नाही. ती घरच्यांनी घ्यायची. त्या पांढऱ्या गाडीत आईला चढता येईल का, हा विचार आम्हां दोघांच्याही मनात आला नव्हता. आईचे गुडघे धरलेले आणि पायरी मांडीएवढी उंच. ज्या माणसासाठी सात आसनांची गाडी हवी म्हणत होतो, तेच माणूस घरी राहिले असते.

पुढे चार महिने आम्ही गाड्या पाहिल्या. सहा नाकारल्या. सातवी कराडच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे मिळाली. सालाने ती आधीपेक्षा जुनी, पत्र्यावर दोन ओरखडे, छताला काच नाही. पण आठ वर्षांची सगळी बिले दोऱ्यात ओवून ठेवलेली. आईला आणि बायकोला बरोबर नेले होते. बायकोने न सांगता मागचा पट्टा ओढून पाहिला. आईने दाराची कड धरली, खालच्या पायरीवर पाय दिला, "आई गं" म्हणत वर चढली आणि बसल्यावर म्हणाली, "जमलं बाई." साडेनऊ लाखांत व्यवहार झाला. शेततळ्याला कागद त्याच उन्हाळ्यात पडला.

तेव्हा वाचकहो, गाडी जरूर घ्या. हौस करायला कुणाची ना नाही. पण विसार द्यायच्या आधी घरी या, रात्रभर झोपा आणि घरातल्या बायामाणसांना विचारा. गिऱ्हाईक उद्या येणार असेल तर खुशाल येऊ द्या. आणि कधी बाजारातून नुसता कासरा खांद्यावर टाकून परत यावे लागले, तर त्याची लाज वाटून घेऊ नका.