दुसरी बाजू

आमच्या घरात स्वतःचं मत नसलेला एकच प्राणी होता, आणि तो म्हणजे रेकॉर्डवरच्या चित्रातला कुत्रा. तो बिचारा कर्ण्यासमोर मान कलती करून नुसता ऐकत बसे. बाकी आम्ही सगळे मत तयार ठेवूनच ऐकायला बसत असू. गाणं दुसऱ्या ओळीवर यायच्या आत कुणाची तरी मान आडवी हलायची, कुणी तरी ‘च्‌’ करायचं, आणि मग गाणं बाजूला राहून मतांचीच मैफल रंगायची. दादरच्या त्या तीन खोल्यांत आम्ही सात माणसं राहत होतो. म्हणजे एका तबकडीला आठ मतं. कारण काकांना कुठल्याही विषयावर दोन असत.

१९८१ सालची दिवाळी. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दादा, म्हणजे काकांचा मुलगा, काखेत एक चौकोनी पिशवी मारून घरी आला. पिशवीत ‘डिस्को दीवाने’ची लाँगप्ले होती. कॉलेजला जाणाऱ्या मुलानं पदरचे पैसे खर्चून लाँगप्ले आणावी, हा आमच्या घरात आधी अपराध होता आणि मग संगीत.

नाझिया हसन हे नाव तोवर सगळ्यांच्या कानावरून गेलेलं होतं. आदल्याच वर्षी ‘कुर्बानी’ आला होता, आणि त्यातलं ‘आप जैसा कोई’ बँडवाल्यांनी लग्नाच्या वरातींत वाजवून वाजवून पार झिजवलं होतं. कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये वाढणारी ही मुलगी. तिथल्या एका मेजवानीत ती फिरोज खानला भेटली, त्यानं तिला बिद्दूकडे धाडलं, आणि वयाच्या पंधराव्या वर्षी ती झीनत अमानसाठी गाऊन गेली. त्याबद्दल तिला फिल्मफेअरचं पारितोषिकही मिळालं. हा बिद्दू मूळचा बंगळूरचा. विलायतेत जाऊन त्यानं १९७४ साली कार्ल डग्लसकडून ‘कुंग फू फायटिंग’ गाऊन घेतलं होतं, आणि ते जगभर वाजलं होतं. त्यानं आता नाझिया आणि तिचा धाकटा भाऊ झोहेब, या दोघांना घेऊन सिनेमाशिवायच एक अख्खी तबकडी केली होती.

‘सिनेमाशिवाय’ या गोष्टीचं हिंदी मुलखात फार कौतुक झालं. आमच्याकडे कुणाची भुवईसुद्धा वर गेली नाही. मराठी माणूस गजाननराव वाटव्यांच्या काळापासून सिनेमाशिवाय गाणी ऐकत आलेला. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं, तेव्हा तर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर लोक रेडिओसमोर हात जोडून बसले होते. त्यामुळे अण्णांनी पहिलाच शेरा मारला तो असा : “सिनेमा नाही हे ठीक. पण गाणं तरी आहे ना त्यात?”

नरकचतुर्दशीला, अभ्यंगस्नान आणि फराळ आटोपल्यावर, दादानं फिएस्टाचं झाकण उघडलं. सुई टेकली. पहिलं गाणं संपायच्या आत अण्णांचा निकाल लागला. अण्णा माझे वडील. बँकेत नोकरी आणि पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला दरसाल हजेरी, ही त्यांची दोन व्रतं. ते म्हणाले, “आवाज कच्चा आहे. अढीत न घालताच आंबा बाजारात आणलाय.”

काका म्हणाले, “ती कुठं गातेय? यंत्रं गाताहेत!” दादानं समजावून सांगितलं की, ‘कुर्बानी’च्या वेळी बिद्दूनं तिचाच आवाज दोनदा घेऊन एकावर एक बसवला होता, म्हणून तो तसा भरीव लागतो. त्यावर काकांचं दुसरं मत तयार होतं : “म्हणजे एकीत दम नाही म्हणून दोघी!” हे त्यांना इतकं आवडलं की दिवाळीचे चारही दिवस येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी ते चिवड्याबरोबर वाढलं.

शेजारचे नाना गाणं ऐकायला आले ते दारातच थांबले. “पाकिस्तानची ना ही?” त्यांनी विचारलं. एकाहत्तरच्या लढाईला जेमतेम दहा वर्षं झाली होती, आणि नानांचा पुतण्या त्या लढाईतून परतला होता तो एक पाय तिथं ठेवून. त्यांच्या प्रश्नाला उत्तर देण्याची कुणाची छाती झाली नाही. ते आत आले नाहीत. पण गेलेही नाहीत. कठड्याला टेकून त्यांनी ती अख्खी बाजू ऐकली. माणसाचे कान त्याच्या मताची परवानगी घेतातच असं नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं.

आजीला ऐकू कमी यायचं. ती रेकॉर्डप्लेअरच्या अगदी जवळ पाट घेऊन बसली होती. गाणं थांबल्यावर ती म्हणाली, “बरी आहे गं पोर. ओरडत नाही.” सगळे हसले. आजीच्या मताला हसायचंच अशी आमच्याकडे पद्धत होती. आता वाटतं, त्या खोलीत गाण्याबद्दल बोललेलं तेवढं एकच वाक्य होतं.

आईला कुणी विचारलं नाही. ती स्वयंपाकघरात करंज्यांचे डबे बंद करत होती. तबकडी थांबली तसा तिचा आवाज तेवढा आला, “दुसरी बाजू लाव ना रे.”

राहिले मी. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. म्हणजे नाझियाच्याच वयाची. आठवड्यातून तीन दिवस गाण्याच्या बाईंकडे जात होते. बाई माझ्यावर रागावत नसत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या तानपुरा खाली ठेवायच्या आणि शांतपणे एकच वाक्य म्हणायच्या : “नाकात गातेस. पोटातून आवाज काढ.” पाच वर्षं मी माझ्या पोटात आवाज शोधत होते. तिथं तो नव्हता.

आणि इथं ही मुलगी गात होती. आवाज बारीक, किंचित नाकातला. हरकत नाही, मुरकी नाही, तानेचं तर नावच नको. खाली तो एकसारखा ठोका, आणि त्यावरून ती, जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून कुणी सावकाश उतरत यावं, तशी उतरत होती. आवाज बारीक असल्याचं तिला काही वाटत नव्हतं. तो मोठा करण्याचा ती प्रयत्नही करत नव्हती. बाकीची सारी वाद्यं जणू तिच्यासाठी वाट सोडून बाजूला उभी होती. माझ्या अंगावर काटा आला. आनंदाचा म्हणावा तर पोटात भीतीही होती. आपलीच एखादी लपवलेली गोष्ट कुणी तरी चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवावी, तशी.

पाडव्याला घर भरलं होतं. काकूच्या माहेरची माणसं आली होती, अण्णांचे दोन मित्र होते. त्यांतले एक संवादिनी वाजवणारे. काकांचं ‘दोघी’ झालं, अण्णांचा आंबा झाला. मग अण्णा माझ्याकडे वळून कौतुकानं म्हणाले, “आमच्या घरात गाणं शिकणारी एकच आहे. तिला विचारू. सांग गं, कसं वाटलं?”

दादा रेकॉर्डप्लेअरपाशी उकिडवा बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “सूर लावायला शिकलेली नाही. नाकात गाते.”

बाईंचं वाक्य मी जसंच्या तसं उचलून तिच्या अंगावर टाकलं होतं. संवादिनीवाले “वा!” म्हणाले. अण्णांचा चेहरा उजळला. दादानं सुई उचलली, तबकडी कागदात घातली, कागद खोक्यात घातला, आणि तो बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मी त्याला ओवाळलं, त्यानं ताटात दहाची कोरी नोट टाकली. ती तबकडी पुन्हा आमच्या घरात वाजली नाही.

माझं गाणं पुढं दोन वर्षं चाललं आणि मग, बऱ्याच घरांत सुटतं तसं, परीक्षांच्या निमित्तानं सुटलं. नाझियाची ‘बूम बूम’ आली, ‘यंग तरंग’ आली. १९९२ साली ‘कॅमेरा कॅमेरा’ आल्यावर तिनंही गाणं थांबवलं. मी कचेरीत लागले. तिनं कायद्याची पदवी घेतली होती, संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कच्या कचेरीत काम केलं होतं. हे सगळं मी वर्तमानपत्रांत अधूनमधून वाचायची. वर्गातल्या एखाद्या हुशार मुलीची खबर ठेवावी तशी.

१३ ऑगस्ट २००० रोजी ती लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानं गेली. पस्तीस वर्षांची होती. मीही पस्तीसचीच. बातमी वाचली आणि का कोण जाणे, बडोद्याला दादाला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी म्हटलं, “दादा, त्या पाडव्याला मी खोटं बोलले होते.”

तो जरा वेळ गप्प राहिला. मग हसून म्हणाला, “ठाऊक होतं. न्हाणीघरात तू ‘आप जैसा कोई’ म्हणायचीस, ते काय आम्हांला ऐकू येत नव्हतं? म्हणून तर आणली होती. भाऊबीजेला तुलाच घालणार होतो.”

“मग घातली का नाहीस?”

“तू म्हणालीस ना, नाकात गाते!” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तबकडीचं विचारलं, तर बडोद्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या बिऱ्हाडात ती हरवली म्हणाला.

हा मजकूर खरं म्हणजे इथंच थांबायचा. पण २०१२ साली ‘स्टुडंट ऑफ द इयर’ नावाचा सिनेमा आला. त्यात ‘डिस्को दीवाने’ नव्यानं घेतलेलं होतं, आणि सुनिधी चौहान, बेनी दयाल यांच्या नावांबरोबर गायिका म्हणून नाझियाचंही नाव होतं. दिवाळीच्या दिवसांत ते दूरचित्रवाणीवर तासातासाला लागायचं. अण्णा तेव्हा ऐंशीला टेकलेले. आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेले असायचे. एकदम म्हणाले, “हे त्या कच्च्या आंब्याचं ना गं?”

मी म्हटलं, “हो.”

“आता पिकला असेल आवाज. वय काय असेल तिचं?”

“ती गेली, अण्णा. बारा वर्षं झाली.”

त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मूळचं लाव बरं.” माझ्या मुलानं संगणकावर ते शोधून लावलं. अण्णांनी सबंध ऐकलं, एकदाही मान न हलवता. संपल्यावर मला विचारलं, “तू तेव्हा काय म्हणाली होतीस? काहीतरी फार चांगलं बोलली होतीस.”

“नाकात गाते, म्हणाले होते.”

“गातेच आहे,” अण्णा म्हणाले. “पण त्यात वाईट काय आहे?”

मला उत्तर सुचेना. एवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. ती अनारसे तळत होती, आणि संगणकाला बाजू नसते हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

“दुसरी बाजू लाव ना रे,” ती नातवाला म्हणत होती.