फ्यूज कशासाठी, रिले कशासाठी

5 एचपीच्या थ्री-फेज मोटरीचा करंट साधारण साडेसात अँपिअर. नेमप्लेट वाचून कुणीही म्हणेल, 10 चा फ्यूज घाला. पण डायरेक्ट स्टार्टरवर हीच मोटर सुरू होताना सहापट करंट ओढते. टाँग टेस्टरचा आकडा 45 च्या आसपास जातो आणि मोटरीने वेग घेतला की खाली येतो. 10 चा फ्यूज तेवढ्यातच उडू शकतो. म्हणून स्टार्टरसोबतचा तक्ता पाहून मी बहुधा 20 चा एचआरसी घालतो. विहिरीवरचा पंप चटकन वेग घेतो, पिठाच्या गिरणीचं जड चाक वेळ लावतं. करंट किती याइतकंच तो किती वेळ टिकतो हेही बघावं लागतं.

"एवढ्या मोठ्या फ्यूजने मोटर जळेल की!" शेतकऱ्याची ही शंका रास्त आहे. पंपात गाळ अडकून 10-12 अँपिअर वाहू लागले, तर 20 चा फ्यूज ढिम्म हलणार नाही. ते काम ओव्हरलोड रिलेचं, आणि रिले नेमप्लेटच्या आकड्यावरच लावायचा. फ्यूज असतो शॉर्टसर्किटसाठी, केबल आणि स्टार्टर वाचवायला. तार घालायच्या किटकॅट फ्यूजमध्ये 20 अँपिअरला 0.6 मिलिमीटरची कलई केलेली तांब्याची तार पुरते. तिथे केबलचे पदर पिळून घातलेले दिसले की मला राग येतो. रब्बीत रात्रीची लाईट, पिकाला पाणी हवं, हाताशी दुसरी तार नाही. सगळं कळतं, तरीही.

खरी हानी होते ती तीनपैकी एकच फ्यूज गेल्यावर. बंद मोटर नुसती घुमते, चालती मात्र दोन फेजवर ओढत राहते आणि त्या दोन फेजचा करंट पावणेदोनपटीपर्यंत चढतो. स्टार जोडणीची अशी मोटर रिवाइंडिंगला आली की उघडताच कळतं: दोन फेजच्या कॉइल काळ्याठिक्कर, तिसरीच्या तांबूस, जवळजवळ नव्यासारख्या. मी स्टेटर उजेडात धरून मालकाला दाखवतो.

म्हणून शॉर्टसर्किटने एक फ्यूज उडाला, तरी मी तिन्ही बदलतो. उरलेल्यांनीही तो झटका खाल्लेला असू शकतो. आतली पट्टी कुठे अर्धवट वितळली असेल, ते बाहेरून दिसत नाही. मालक खर्चावरून कुरकुरतो. मी तिन्ही फेजचा करंट त्याच्यासमोर मोजतो, आकडे जुळले की मगच सामान आवरतो.