ताप उतरला तेव्हा

गेल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. पाच रात्री सरकारी रुग्णालयातल्या बायकांच्या वॉर्डात काढाव्या लागल्या. दुसऱ्या संध्याकाळी ताप उतरला. अम्मीने अल्लाहचा शुक्र अदा केला आणि मी घरी जाण्याची भाषा करू लागले. पण आधी तीन-चार तासांनी येणाऱ्या सिस्टर आता दर तासाला येऊ लागल्या. नाडी बघायच्या, बी.पी. घ्यायच्या, लघवी किती झाली, पोटात दुखतंय का ते विचारायच्या. मी वैतागले.

“ताई, डेंग्यूत ताप उतरल्यावरच खरी भीती असते,” त्या म्हणाल्या. रक्तातलं पाणी नसांमधून बाहेर झिरपतं, बी.पी. घसरतं, आणि माणसाला मात्र आपण बरे झालो असं वाटत असतं.

रात्री दोनच्या सुमारास माझे हातपाय गार पडले. मला कळलंसुद्धा नाही, त्यांना कळलं. त्यांनी डॉक्टरांना उठवलं, सलाईन वाढवलं, आणि फजरपर्यंत त्या माझ्या खाटेकडे फेऱ्या मारत राहिल्या. भरलेल्या वॉर्डात त्या रात्री दोघीच सिस्टर होत्या. बेडपॅन घ्यायची वेळ आली तेव्हा आडोशाला पडदा नव्हता. त्यांनी एका हाताने चादर धरली आणि दुसऱ्या हाताने माझी ओढणी नीट केली. शरमेने मी डोळे मिटून घेतले. अम्मीने तयम्मुमसाठी घरून मातीचं ढेकूळ मागवलं होतं. ते उशाशी बघून त्या हसल्या, पण उचलून फेकलं नाही.

नंतर मला झोप लागेना. दोन वर्षांपूर्वी दहावीतल्या एका मुलीने विचारलं होतं, “टीचर, मी नर्सिंगला जाऊ?” मी म्हटलं होतं, “रात्रपाळी असते, परक्या मर्दांची अंगं पुसावी लागतात. नको बेटा, डी.एड. कर.” तिच्या अब्बांनी माझे आभारही मानले होते. आणि त्याच वर्गात मी हजरत रुफैदा अस्लमिया यांची गोष्ट रंगवून सांगत असे! हिजरी सन ५ मध्ये, खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज यांना मदिनेच्या मस्जिदीत त्यांच्याच तंबूत ठेवलं होतं. गोष्टीतली नर्स मला चालत होती, माझ्या वर्गातली नको होती.

सुट्टी मिळाली त्या दिवशी मी सिस्टरांना शुक्रिया म्हणाले आणि कोर्सची चौकशी केली. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा, दोन्हींना बारावी लागते. माझ्याच केसपेपरच्या मागे त्यांनी ते लिहून दिलं.

ती मुलगी यंदा बारावीला आहे. रविवारी मी तिच्या घरी गेले. तिच्या अब्बांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “टीचर, तुम्हीच तर नको म्हणाला होतात.”

आतून चहाचे कप घेऊन आलेली ती दारातच थांबली होती.