बिनकाठाची टोपी

गेल्या काही वर्षांत पॅरिसच्या मेट्रोत एक टोपी सर्रास दिसू लागली आहे. डोक्याला नीट बसणारी, खाली दोन-तीन बोटं रुंद दुमड, मागे बारीक पट्टी आणि बक्कल. पुढे काठ नाही, वर गोंडा नाही, कान पूर्ण उघडे. सायकलवरून जेवण पोचवणारा मुलगा ती घालतो, लोकरी ओव्हरकोटातला वकील घालतो आणि केस बारीक कापलेली चित्रकलेची विद्यार्थिनीही घालते. फ्रेंच लोक तिला ‘मिकी’ म्हणतात. मूळची ही टोपी ब्रिटनीतली. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला अटलांटिकमध्ये घुसलेला हा प्रांत, आणि टोपी तिथल्या खलाशांची, मच्छीमारांची. बंदरात ओझी वाहणारे कामगारही ती घालत, म्हणून परदेशात ती ‘डॉकर कॅप’ या नावाने विकली जाते.

ही टोपी मी शिवतो. पॅरिसमधल्या एका लहानशा शिलाईघरात बेतण्याचं काम माझ्याकडे आहे. आणि मी वरळी कोळीवाड्यातल्या घरातला. माझा आजा डोल जाळं घेऊन मासेमारीला जायचा. त्यामुळे या टोपीकडे मला नुसती फॅशन म्हणून बघताच येत नाही.

मिकी दिसायला साधी आहे, बेतायला मात्र अवघड. आमच्या साच्यात सहा कळ्या असतात. प्रत्येक कळी खाली रुंद, वर निमुळती. सहाही टोकं माथ्यावर एकाच ठिकाणी मिळायला हवीत. डोक्याचा घेर 58 सेंटिमीटर धरला, तर कळीची खालची रुंदी पावणेदहा सेंटिमीटरच्या जरा आत येते. शिवाय दोन्ही बाजूंना माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड. आता शिवताना टीप एकच मिलिमीटर आत गेली, तर दोन्ही कळ्यांचं मिळून दोन मिलिमीटर कापड त्या शिवणीत जातं. अशा सहा शिवणी, म्हणजे बारा मिलिमीटर. टोपीच्या मापात एका नंबराचा फरक असतो एक सेंटिमीटरचा. म्हणजे 58 ची म्हणून शिवलेली टोपी 57 च्या डोक्यालाही आवळते. मागची पट्टी थोडं सांभाळून घेते, पण चुकलेलं बेतणं ती झाकू शकत नाही.

शिवण झाली की ती उघडून इस्त्री करायची, दोन्ही अंगांना दाबटीप मारायची आणि आतून सुती फीत लावायची, म्हणजे कापडाच्या कडा टाळूला घासत नाहीत. मग टोपी मुठीवर चढवून मी माथ्यावरून अंगठा फिरवतो. सहा शिवणी जिथे मिळतात तिथे अंगठ्याला गाठ लागली, की टोपी उसवायची. यात सूट नाही. काठाची टोपी असली की नजर काठावर जाते, बाकीचं खपून जातं. हिला लपायला जागाच नाही.

हा आकार असाच का, हे मला दुआर्ननेच्या धक्क्यावर नीट समजलं. दुआर्नने हे ब्रिटनीतलं सार्डिनचं जुनं बंदर. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीच्या गोतावळ्यातला मासा. धक्क्यावर एक निवृत्त मच्छीमार दोरीला गाठी मारत बसले होते. मी टोप्या शिवतो असं सांगितल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावरची टोपी मागून घेतली, उलटी केली, आतली टीप बघितली आणि मगच बोलायला लागले.

“डेकवर काठाची टोपी घालून बघा,” ते म्हणाले, “वाऱ्याच्या पहिल्या झोताला समुद्रात जाईल. डोलकाठीकडे मान वर केली की काठ आडवा येतो. पावसात वरून तेलकापडाचं टोपडं ओढायचं असतं, ते काठावर बसत नाही. खाली माशांच्या खणात वाकून उतरायचं, तर काठ आधी आपटतो.”

“आणि कान उघडे?”

“हाक ऐकू यायला हवी. वाऱ्यात हाक चुकली, तर माणूस जातो. फारच गारठा असला तर लोकरीच्या टोपीची दुमड खाली ओढायची.”

फॅशनच्या शाळेत मी आकार, समतोल, प्रमाण असं पुष्कळ शिकलो. या टोपीचं प्रमाण कुणी कागदावर ठरवलेलं नव्हतं. जे जे कामात आड येत होतं ते गळून गेलं आणि उरलं ते हे. दुआर्ननेच्या बायकांचीही तीच गोष्ट. ब्रिटनीतल्या काही भागांत बायकांची लेसची शिरोभूषणं हातभर उंच झाली. पण इथल्या सार्डिनच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायकांचं टोपडं लहान, पांढरं, केस बांधून ठेवणारं होतं. मासळी साफ करून डब्यात भरायची, तर डोक्यावर डोलारा कसा चालेल? याच बायकांनी 1924 च्या नोव्हेंबरात मजुरीसाठी संप केला. तो 1925 च्या जानेवारीपर्यंत चालला आणि त्यांनी मजुरी वाढवून घेतली. आजही गावाला त्या संपाचा अभिमान आहे. टोपी काय किंवा टोपडं काय, या किनाऱ्यावर त्यामागे कष्टाची भाकरी आहे, आणि ती मिळवण्यासाठी केलेला झगडाही आहे.

आमच्या शिलाईघरात मिकीचे दोन रंग सगळ्यांत जास्त खपतात: गडद निळा आणि विटकरी. या विटकरी रंगाची हकिगत ऐकली तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं. नायलॉन येण्याआधी जाळी आणि शिडं सुताची किंवा दुसऱ्या वनस्पतींच्या धाग्यांची असत; खाऱ्या पाण्याने ती कुजत. ती टिकावीत म्हणून ब्रिटनीतले मच्छीमार मोठ्या कढयांत काथ उकळून त्यात ती भिजवत. काथातल्या टॅनिनने धागा टिकतो आणि त्याला तांबूस विटकरी रंग चढतो. शिडं त्या रंगाची झाली, मच्छीमारांच्या जाड कापडाच्या अंगरख्यांनाही तोच रंग आला. हा काथ म्हणजे आपल्या विड्यातलाच काथ, खैराच्या लाकडाचा. तो हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातून जहाजाने युरोपात जायचा. चिपळूणच्या परिसरात आजही काथ तयार होतो. कोकणातले मच्छीमारही सुती जाळी झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून पक्की करत. विटकरी कापडावर खडूची रेघ मारताना आता दर वेळी मला ब्रिटनीचा किनारा आणि माझा किनारा एकत्रच आठवतात.

समुद्रावरचा कपडा शहरात येणं फ्रान्सला नवं नाही. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा 27 मार्च 1858 च्या हुकमाने फ्रेंच नौदलाच्या गणवेशात आला. पांढरे पट्टे 21, प्रत्येक 20 मिलिमीटर रुंद, आणि निळे त्याच्या निम्मे, इतकं ते नेमकं होतं. पुढे कोको शॅनेलने खलाशांच्या कपड्यांचा सैलपणा बायकांच्या कपड्यांत आणला आणि काही दशकांनी ज्याँ पॉल गोतिएने तेच पट्टे स्वतःची ओळख बनवले. मिकीच्या वाट्याला हे उशिरा आलं. पॅरिसच्या ‘बेतों सिरे’सारख्या छोट्या ब्रँडनी तिला हाताशी धरलं, चांगलं कापड, कातडी पट्टी, नवे रंग दिले आणि ती दुकानांच्या काचेत आली. जपानमध्ये, तुर्कस्तानात, जर्मनीतही ती तरुणांच्या डोक्यावर आहे. केस बारीक ठेवण्याची चाल तिच्या पथ्यावर पडली. शिवाय ती घडी करून खिशात मावते, मेट्रोच्या गर्दीत कुणाच्या तोंडावर येत नाही, हेडफोनच्या आड येत नाही. डेकवरच्या अडचणी वेगळ्या होत्या, शहरातल्या वेगळ्या आहेत. आकार दोन्हीकडे उपयोगी पडला. आणलेली फॅशन आणि टिकलेली फॅशन यांतला फरक इथे आहे, असं मला वाटतं.

पण टोपीचा अर्थ डोक्यागणिक बदलतो, हेही मी अनुभवलं. पॅरिसमधल्या बार्बेस भागात, जिथे बरेच दुकानदार मुसलमान आहेत, मी भाजी घ्यायला जातो. तिथे माझा सावळा रंग, दाढी आणि ही बिनकाठाची टोपी बघून दुकानदार हटकून ‘सलाम अलेकुम’ म्हणतात. मीही ‘वालेकुम सलाम’ म्हणतो. वरळीत वाढलेल्याला ते काही अवघड नाही. एकाने बोलता बोलता कोथिंबिरीची जुडी वर टाकली. या सलामात आपुलकी आहे आणि मला ती आवडते.

त्याच टोपीपायी दुसरा अनुभवही आला. कामानिमित्त एका मोठ्या कार्यालयात गेलो होतो. दारातल्या रखवालदाराने मला टोपी काढायला सांगितली, पिशवी उघडायला लावली. माझा फ्रेंच सहकारी माझ्या मागेच होता; त्याच्या डोक्यावर आम्हीच शिवलेली, त्याच ताग्यातली, त्याच रंगाची मिकी होती. तो ‘बॉन्जूर’ म्हणून सरळ आत गेला. आत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तो परत फिरून रखवालदाराला विचारायला गेला, हे मी विसरणार नाही. त्याच्या डोक्यावर जी फॅशन आहे, ती माझ्या डोक्यावर संशय ठरते, हे मला त्या दिवशी बोचलं आणि अजून बोचतं. मी टोपी घालायची सोडली नाही.  ज्या बंदरांत ही टोपी घडली तिथे देशोदेशींचे खलाशी उतरत.

हे सगळं लिहिताना माझ्यासमोर आजाची लाल टोपी आहे. कंबरेला रुमाल, अंगात बंडी आणि डोक्यावर ती टोपी, असा तो नारळी पौर्णिमेला नारळ घेऊन निघायचा. आज ही कोळी टोपी मुंबईकर कुठे बघतात? शाळेच्या स्नेहसंमेलनात, कोळीनृत्याच्या वेळी, भाड्याने आणलेल्या पोशाखात. मुंबईत डबेवाल्यांनी पांढरी टोपी रोजच्या कामात जागती ठेवली, तिचा मान राखला. कोळी टोपीला मात्र आपण वेशभूषेच्या पेटीत बंद केलं. ज्यांच्या गावठाणांवर हे शहर उभं राहिलं, त्यांच्या डोक्यावरची गोष्ट शहराच्या रोजच्या कपड्यांत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ब्रिटनीच्या टोपीचं झालं ते मुंबईत कोळी टोपीचंही होऊ शकतं. त्यासाठी कापड स्वस्तात छापून त्यावर होडीचं चित्र काढण्याची गरज नाही. आकार नीट समजून घ्यावा लागेल: तो डोक्यावर कसा बसतो, दमट हवेत घाम कसा सोसतो, लोकलच्या गर्दीत कसा टिकतो. सुती कापड हवं, शिवणी आतून बांधलेल्या हव्यात, मापं चार-पाच तरी हवीत. आणि सगळ्यांत आधी कोळीवाड्यांकडे विचारणा हवी.

म्हणून महाराष्ट्रात कपडे घडवणाऱ्या तरुण मुलामुलींना माझं सांगणं आहे. कोळी टोपीवर काम करायचं असेल तर वरळी, वेसावे, करंजा, सातपाटी इथे जा. घरातल्या म्हाताऱ्यांना ती टोपी डोक्यावर ठेवायला सांगा, बाजूला बसा, त्यांना बोलू द्या, मगच खडू हातात घ्या. शिलाईचं काम कोळीवाड्यातल्या बायकांना द्या, लेबलावर कोळीवाड्याचं नाव लिहा आणि नफ्यातला वाटा तिथे पोचू द्या. साचा कसा बेतायचा, माया किती ठेवायची, कळ्या माथ्यावर कशा मिळवायच्या, हे शिकवायला मी हवा असेन, तर सुटी घेऊन येईन.