बॅटरीत पाणी कुणी घालायचं?

मंडळी, आमच्या आयटीच्या धंद्यात 'गो-लाइव्ह' झालं की केक कापतात. २०१२च्या डिसेंबरात मीही एक गो-लाइव्ह केलं, फक्त केकऐवजी नारळ फोडला.

दापोली तालुक्यात माझ्या आजोळाजवळ एक छोटं धर्मादाय रुग्णालय आहे. पावसाळ्यात तारेवर झाड पडलं की तिथली वीज दोन-दोन दिवस जायची. माझ्या मामेबहिणीचं बाळंतपण टॉर्चच्या उजेडात झालं. हे मी आपल्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात सांगितलं आणि आठ कुटुंबांनी पैसे जमवले. पाच किलोवॅटची पॅनेल, इन्व्हर्टर, बॅटऱ्या. फोटोही काढले, ते याच स्मरणिकेत छापून आले.

२०१४च्या मे महिन्यात आईला घेऊन गेलो, तर सगळं बंद! पॅनेलवर पाचोळा, बॅटऱ्या कोरड्या ठणठणीत. मी जरा तावातच विचारलं. तिथल्या मोठ्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "दादा, तुम्ही फोटो काढून गेलात. बॅटरीत पाणी कुणी घालायचं, ते सांगितलंत का?"

नव्हतं सांगितलं. डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घालायचं, निम्म्याच्या खाली बॅटरी उतरू द्यायची नाही, हे सगळं मी एक्सेल शीटमध्ये लिहून ठेवलं होतं. इंग्रजीत! शिवाय बाळांना पुसायला गरम पाणी हवं म्हणून दीड किलोवॅटची कॉइल त्याच प्लगला लागायची. त्यात त्यांची काय चूक? प्लगवर कुठे काही लिहिलं होतं?

परत आल्यावर आठही घरी जाऊन खरं ते सांगितलं. एक काका म्हणाले, "पैशाचं सोड रे, पण फोटो परत छापू नकोस."

नंतर आपल्या इथल्या बर्कलेच्या डॉ. लॉरा स्टॅचेल यांच्याविषयी वाचलं. २००८ मध्ये नायजेरियात अंधारात होणारी बाळंतपणं त्यांनी पाहिली आणि त्यातून सुटकेसमध्ये मावणारा सौर संच तयार झाला. त्यांनी आधी खोली पाहिली होती, मी आधी पॅनेलचे कोटेशन मागवले होते.

२०१८ मध्ये पुन्हा सुरुवात केली ती एका वहीपासून. वीज कधी गेली, तेव्हा काय चालू होतं, हे सिस्टरांनी महिनाभर लिहिलं. लेबर रूमचा दिवा, सक्शन, बाळाचा वॉर्मर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि लशींचा फ्रीज, जो दोन ते आठ अंशांतच राहिला पाहिजे. एवढ्यांसाठीच वेगळं वायरिंग केलं, त्याचे प्लग लाल. गरम पाण्यासाठी गच्चीवर सोलर हीटर बसवला. बॅटऱ्या लिथियमच्या, म्हणजे पाण्याची भानगडच नको.

डिझेलचा जनरेटर मात्र ठेवला. सौरवाल्यांना हे आवडत नाही, पण कोकणात वीज नेमकी जाते तेव्हाच आभाळ भरलेलं असतं. एरवी एका किलोवॅटमागे दिवसाला चारेक युनिट मिळतात, जुलैत त्याच्या निम्म्यावरही समाधान मानावं लागतं.

सगळ्यात अवघड गेलं ते देखभालीचे पैसे जमवणं. पॅनेलला देणगीदार मिळतो, त्यावर पाटी लावता येते. गावातल्या वायरमन पोराच्या महिन्याच्या पगारावर पाटी कुठे लावणार?

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं. कोविडमुळे विमानं बंद, तिकडचे फोन बंद. सहा दिवस मी बसल्या जागी फोन फिरवत होतो. सातव्या दिवशी सिस्टरांचा व्हॉट्सअॅपवर निरोप आला: "तीन पॅनेल उडाली. रस्ते बंद, डिझेल संपलं. दोन बाळंतपणं झाली, दोन्ही मुली. दिवा गेला नाही. कॉइल कुणालाही लावू दिली नाही."

दोनदा वाचला आणि बायकोकडे फोन दिला, मला पुढे बोलता येईना.

बॅटऱ्या बदलायची वेळ २०२८च्या सुमारास येईल. त्यासाठी या दिवाळीतही पेटी फिरणार आहे. फोटो छापणार नाही, काकांना शब्द दिलाय.