परड्यातले वाफे

बिद्रीत साखर कारखाना, म्हणून शिवारभर ऊस. आडसाली लागण दीड वर्षाने तुटते. बिलाचे पैसे अब्बांच्या हातात. अम्माच्या हातात परड्यातले चार वाफे. ती सगळे एकदम कधी पेरत नसे. आज एक, आठ-दहा दिवसांनी दुसरा. धने चपलेखाली रगडून फोडायचे, मगच टाकायचे. मेथी महिन्याभरात निघायची, मुळा-कोथिंबीर दीड महिन्यात. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर येते, म्हणून तेव्हा वाफा शेवग्याच्या सावलीत. जुड्यांचे पैसे डब्यात पडत. ‘‘वाफा रिकामा राहिला की तुझ्या अब्बांपुढं हात पसरायचा,’’ ती म्हणे. पोरीला कॉलेज कशाला, हे अब्बांचं ठरलेलं. माझी पहिली फी त्या डब्यातून गेली. अब्बांना कळलं तेव्हा सहामाही परीक्षा झाली होती.