माझा, माझा!

डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्रांना याद्यांचा ताप चढतो. वर्षातले दहा चित्रपट, वर्षातली दहा पुस्तकं, वर्षातले दहा घोटाळे. (घोटाळ्यांच्या बाबतीत दहावर थांबणं संपादकांना फार जड जात असणार.) २०२३ साली माझीही एक यादी तयार झाली : वर्षातले माझे आवडते इंडी रॉक आल्बम. यादीत आल्बम दोनच आहेत, कारण त्या वर्षी निघालेल्यांपैकी मी ऐकले तेच दोन.

"इंडी म्हणजे इंडियन का हो?" हिनं विचारलं. नव्हे. इंडी म्हणजे इंडिपेंडंट. बड्या रेकॉर्ड कंपन्यांचे उंबरठे न झिजवता, छोट्या कंपनीच्या आधारानं किंवा स्वतःच्या हिमतीवर वाजवणाऱ्यांचं संगीत. आपल्या प्रायोगिक रंगभूमीसारखं. प्रेक्षक थोडे, पण जे आहेत ते एकही प्रयोग चुकवत नाहीत आणि तुम्ही चुकवलात तर तुम्हाला क्षमा करत नाहीत.

भावगीतांवर पोसलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या वाट्याला हे संगीत आलं ते जावयामुळे. लेक न्यू जर्सीत, जावई मूळचा बॉस्टनचा, अस्सल अमेरिकन. आम्ही त्यांच्याकडे सहा महिने राहायला गेलेलो. आता सासऱ्या-जावयानं बोलायचं काय? हवामान दुसऱ्या दिवशी संपलं. त्याला क्रिकेट कळत नाही, मला बेसबॉल. त्याला मराठीतला 'बाबा' एवढा एकच शब्द येतो. ही त्याला 'जावईबापू' म्हणते, त्यामुळे आपलं मराठीतलं नाव बापू आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. तिसऱ्या दिवशी बापूंनी एक तबकडी लावली. खरीखुरी, काळी, बारा इंची तबकडी! ज्या आपण माळ्यावर फेकल्या, त्या तिथले तरुण पंचवीस-तीस डॉलर मोजून घेतात.

तबकडीचं नाव 'धिस स्टुपिड वर्ल्ड' आणि बँडचं नाव 'यो ला तेंगो'. १९८४ साली शेजारच्याच होबोकेन गावात स्थापन झालेला हा बँड. नवरा गिटारवर, बायको ड्रमवर आणि पुढे येऊन मिळालेला एक मित्र. एकोणचाळीस वर्षं नवरा-बायकोचं वाजतंय आणि लोक तिकीट काढून ऐकताहेत, याचं हिला फार नवल वाटलं. पहिलंच गाणं सात मिनिटांच्या वर. खाली ठेका जागचा हलत नाही, आणि वर गिटार घरमालकाशी भांडून आल्यासारखी. पाचव्या खेपेला मला ते आवडू लागलं. नाटक्या भाडेकरूंची सवय होते तसं.

पण खरी गंमत नावाची. १९६२ साली न्यूयॉर्क मेट्स नावाचा बेसबॉलचा नवा संघ निघाला आणि पहिल्याच वर्षी त्यानं १२० सामने हरून दाखवले. जिंकले चाळीस. संघात ॲशबर्न नावाचा क्षेत्ररक्षक होता, आणि त्याच्या पुढे चाकोन नावाचा व्हेनेझुएलाचा गडी. चाकोनला इंग्रजी येईना. झेल उडाला की ॲशबर्न 'माझा, माझा!' ओरडत धावायचा, चाकोनही धावायचा, आणि दोघांची टक्कर. शेवटी दोन्ही भाषा जाणणाऱ्या एका सहकाऱ्याकडून ॲशबर्न स्पॅनिश शिकला : 'यो ला तेंगो', म्हणजे 'माझ्याकडे आहे'. पुढच्या झेलाला त्यानं ते ओरडून पाहिलं. चाकोन शहाण्यासारखा थांबला. ॲशबर्न निर्धास्त झेलाखाली उभा राहिला, आणि डावीकडून थॉमस नावाच्या धिप्पाड माणसानं त्याला आडवा केला. थॉमसला स्पॅनिश येत नव्हतं. उठल्यावर त्यानं म्हणे विचारलं, "हे यलो टँगो काय प्रकरण आहे?"

ही गोष्ट ऐकून मी इतका हसलो की लेक धावत आली. जावयाशी बोलायला विषय मिळाला होता.

दुसरा आल्बम 'ग्रँड सलामी टाइम!' बँडचं नावच 'द बेसबॉल प्रोजेक्ट'. त्यात 'आर.ई.एम.' या एकेकाळच्या जगप्रसिद्ध बँडमधले दोघं आहेत, पण या बँडचा नेम एकच : गाणी फक्त बेसबॉलवर. तिन्ही बेसवर माणसं उभी असताना फटका थेट बाहेर गेला की एकदम चार धावा, त्याला ग्रँड स्लॅम म्हणतात. सिॲटलचा एक समालोचक अशा वेळी आजीबाईला पाव आणि मोहरीची चटणी काढायला सांगायचा, सलामीची वेळ झाली म्हणून. (सलामी म्हणजे सॉसेजचा प्रकार. हिनं ती शेवटपर्यंत बंदुकीचीच समजून घेतली.) बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकलेल्या माणसाला ही जात ओळखीची वाटते.

मग बापूंनी याच मंडळींच्या जुन्या तबकड्या काढल्या. तेव्हा लक्षात आलं, ही माणसं विजयाचे पोवाडे फार गात नाहीत. २००८च्या आल्बममध्ये हार्वे हॅडिक्सवर गाणं आहे. १९५९ साली या पिचरनं ओळीनं ३६ फलंदाज बाद केले, एकालाही बेस गाठू दिला नाही. नवाच्या जागी बारा डाव! आणि तेराव्या डावात सामना हरला.

२०११च्या आल्बममध्ये बिल बकनर. हे गाणं लावताना जावई गप्प झाला. २५ ऑक्टोबर १९८६. बॉस्टननं १९१८पासून अजिंक्यपद पाहिलेलं नव्हतं. समोर तेच मेट्स. एक साधा घरंगळत आलेला चेंडू बकनरच्या दोन पायांमधून गेला आणि सामना गेला. बरोबरी त्याआधीच दुसऱ्या कुणाच्या चेंडूवर झालेली होती, शेवटचा सामना अजून बाकी होता. पण शहरानं बकनरला धरलं. जावई तेव्हा आठ वर्षांचा. त्याच्या वडिलांनी टीव्ही बंद केला आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

मी म्हटलं, "बापू, आमचं १८ एप्रिल. त्याच वर्षी." आणि मोडक्या इंग्रजीत त्याला शारजा सांगितलं. शेवटचा चेंडू, चार धावा हव्यात, चेतन शर्माचा फुलटॉस, मियाँदादचा षटकार. आमच्या चाळीत त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही. आणि पुढच्याच वर्षी याच शर्मानं नागपूरला विश्वचषकातली पहिली हॅट-ट्रिक घेतली, तिघांचेही त्रिफळे उडवून. तरी चार माणसांत त्याचं नाव काढलं की पाचवा मियाँदाद म्हणतो.

"त्याच्यावर गाणं आहे?" जावयानं विचारलं.

"नाही."

ही इतका वेळ मटार सोलत होती. "त्या बकनरनं पुढं कधी चेंडू अडवला का हो?"

लेकीनं भाषांतर केलं. जावयानं सगळं सांगितलं : २२ हंगाम, २,७१५ फटके, आणि २००८ साली बॉस्टननं त्याला पुन्हा मैदानावर बोलावलं तेव्हा उभं राहून टाळ्या वाजवणारी माणसं. २०१९ साली तो गेला.

ही थोडा वेळ काही बोलली नाही. मग सालं बाजूला सारून म्हणाली, "जावईबापू, लावा पुन्हा ते."

भाषांतर करायच्या आत त्यानं सुई उचलली होती.